पाळी गेल्यानंतरची खाज: मेडिकलमधून काय आणावं, काय तिथेच राहू द्यावं

पाळी मागेपुढे व्हायला लागली की, किंवा ती गेल्यावर वर्षा-दोन वर्षांत, पुष्कळ बायकांना अंगभर कंड सुटतो. पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती खाज. मेडिकलमध्ये जाऊन एवढंच सांगितलं तर काउंटरवर ठरलेल्या चार वस्तू येतात: कॅलामाइनची गुलाबी बाटली, सेट्रिझिनची पट्टी, 'खाज-खरूज-नायटा' सगळं एका दमात बरं करणारी छोटी ट्यूब आणि वासाचं बॉडी लोशन. या खाजेचं मूळ कारण यातल्या एकाही वस्तूने जात नाही, आणि ती छोटी ट्यूब तर नुकसान करते. म्हणून फळीवरच्या मालाचा हा एकेक करून हिशेब.

आधी खाज कसली आहे ते पाहावं. इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन कमी झालं की कातडीतल्या तेलग्रंथी मंदावतात, पेशींमधली चरबी (सिरॅमाइड वगैरे) घटते आणि कातडीचं पाणी सहज उडून जातं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजन साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं, म्हणजे ती पातळही होते. नडगीवर नखाने हलकी रेघ ओढा. पांढरी, भुरकट रेघ उठून तशीच राहिली तर कोरडेपणा नक्की. अशी खाज पिंढऱ्या, दंड, पाठ आणि कंबर इथे जास्त असते, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर आणि रात्री अंथरुणात वाढते. काहींना खाजेऐवजी कातडीखालून मुंग्या चालल्यासारखं वाटतं. तोही याच काळातला प्रकार आहे, मनाचे खेळ नव्हेत.

कातडीचा बांध फुटलाय आणि पाणी झिरपतंय, असा हा मामला आहे. त्यामुळे सगळ्यात आधी पैसे मॉइश्चरायझरवर घालावेत, आणि इथेच बहुतेकींचा हिशेब चुकतो. चूक ब्रँडची नसते, मापाची असते.

तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली पट्टी हे डॉक्टरांचं जुनं माप आहे. बाईच्या बोटावर ती साधारण ०.४ ग्रॅम भरते आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. एका हाताला पंजासकट अशा चार पट्ट्या लागतात, एका पायाला पावलासकट आठ. दोन्ही हात, दोन्ही पाय मिळून चोवीस पट्ट्या, म्हणजे एका वेळेला दहा ग्रॅमच्या आसपास. दिवसातून दोनदा लावलं तर वीस ग्रॅम, आणि यात पाठ-पोट धरलेलं नाही. पन्नास ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसांत संपली पाहिजे. ती महिना-महिना पुरत असेल तर क्रीम 'लागू पडत नाही' ही तक्रार करण्यात अर्थ नाही. ते लावलंच गेलेलं नाही. म्हणून खरेदी करताना डब्याच्या किमतीऐवजी शंभर ग्रॅमला किती पडतं ते पाहावं, आणि ट्यूबऐवजी चारशे-पाचशे ग्रॅमचा डबा किंवा पंपाची बाटली घ्यावी. डब्यात ओली बोटं घालू नयेत. स्वच्छ चमच्याने काढून घ्यावं, नाहीतर तळाशी पोचेपर्यंत त्यात जंतू वाढलेले असतात.

मालात पहिली पसंती व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन एवढ्यावरच बेतलेल्या साध्या क्रीमला. इमोलीन हे त्यातलं आपल्याकडे सहज मिळणारं नाव. दिसायला ओशट, वास नाही, जाहिरातीत शोभेल असं काही नाही, पण काम चोख. ओशटपणा नकोच असेल तर सिरॅमाइड घातलेली क्रीम आहेत. ती पटकन मुरतात, कपड्याला लागत नाहीत, दिवसा ऑफिसला जाताना बरी पडतात. मात्र त्यांची किंमत जेवढी चढते तेवढा गुण चढत नाही. दिवसा सिरॅमाइड आणि रात्री पॅराफिन अशी वाटणी केली तर खर्च आवाक्यात राहतो.

पेट्रोलियम जेली कातडीतून उडणारं पाणी अडवण्यात सर्वांत तरबेज आहे, पण स्वतः पाण्याचा थेंबही देत नाही. कोरड्या ठक्क अंगावर ती फासली तर कोरडेपणावर झाकण बसतं, बस. आंघोळ झाल्यावर टॉवेलने अंग टिपावं, चोळू नये, आणि ओल आहे तोवर, दोन-तीन मिनिटांच्या आत, पातळ थर द्यावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत छाती-पाठीला जेली लावली तर घामोळ्या उठतात. तिथे ती नडग्या, कोपरं आणि टाचांपुरती ठेवावी. विदर्भ-खानदेशातल्या हिवाळ्यात, किंवा परदेशात घरभर हीटर चालू असतो तिथे, हीच जेली सोन्यासारखी.

युरिया असलेली क्रीम वेगळ्या पंगतीतली. पाच ते दहा टक्के युरिया पाणी धरून ठेवतो, त्याहून जास्त असेल तर जाड कातडी सोलतो. कोटॅरिलसारख्या क्रीमची ख्याती टाचांच्या भेगांसाठी आहे, आणि टाचा व खवले धरलेल्या नडग्यांसाठी ती उत्तमच. पण खाजवून ओरखडे उठलेल्या जागी युरिया किंवा लॅक्टिक अ‍ॅसिड मिरची लागल्यासारखं झोंबतं. अशा जागी आठवडाभर साधं पॅराफिन लावावं, ओरखडे भरले की मग युरिया.

ग्लिसरीन-गुलाबपाणी घरोघरी असतं. ग्लिसरीन ओलावा ओढणारं, त्यामुळे ते वाईट नाही, पण नुसतं लावलं तर चिकट होतं आणि कोरड्या हवेत कातडीच्या आतलंच पाणी ओढू लागतं. एक भाग ग्लिसरीनला तीन-चार भाग पाणी घ्यावं, ओल्या अंगावर लावावं आणि वरून तेलाचा किंवा क्रीमचा हात फिरवावाच. गुलाबपाण्यात बहुतेक वेळा कृत्रिम वास असतो, तो या कातडीला नको. एकूणच लेबलावर सुगंध, परफ्यूम किंवा पारफ्युम लिहिलेलं दिसलं की वस्तू परत ठेवावी. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. ग्लिसरीन किंवा पॅराफिन पहिल्या चार-पाचांत असावं. बदाम, केशर, शिया यांची चित्रं झाकणावर मोठी आणि यादीत शेपटाला असतात.

एक सावधगिरी स्वयंपाकघरातली. पॅराफिन कपड्यात मुरून वाळलं की तो कपडा नेहमीपेक्षा लवकर पेट घेतो आणि भडकून जळतो. धुतल्यावरही अंश उरतो. सुती गाऊनच्या बाह्या, साडीचा पदर आणि गॅसची शेगडी यांचं हे गणित लक्षात ठेवावं. दुसरी सावधगिरी न्हाणीतली: तेलकट पायांनी ओल्या फरशीवर पाय घसरतो, आणि या वयात हाडंही ठिसूळ व्हायला लागलेली असतात. तळपायांना पलंगावर बसून लावावं, वर सुती मोजे.

आता साबण. नीट मॉइश्चरायझर आणून तोच जुना साबण चालू ठेवला तर निम्मी मेहनत मोरीत जाते. कातडीचा सामू (पीएच) पाचच्या आसपास असतो, नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा. बायका टीएफएम, म्हणजे साबणातल्या स्निग्धांशाचं प्रमाण, पाहून साबण घेतात. ७६ टक्क्यांच्या वर पहिली श्रेणी, हे खरं, आणि कमी टीएफएमच्या साबणापेक्षा तो बराच मऊ. पण अल्कली तोही असतोच. पारदर्शक ग्लिसरीन साबण आणि लहान मुलांचे साबण यांचीही गत बहुतेक वेळा तीच. घ्यायची ती सिंडेट वडी (दिसायला साबण, पण आत साबण नसलेली) किंवा साबणविरहित क्लीन्झर, ज्यावर सामू ५.५ असं छापलेलं असतं. सीटाफिलचा जंटल क्लीन्झर या गटातला. फेस नगण्य येतो, त्यामुळे 'अंग स्वच्छ झालंच नाही' असं वाटतं. चार दिवसांत सवय होते. नाहीतर साबण फक्त काखा, जांघा आणि पावलं एवढ्यापुरता, बाकी अंगाला नुसतं पाणी, हा फुकटचा उपाय तितकाच चांगला. पाणी कोमट, आंघोळ पाच ते दहा मिनिटांत. गीझरचं कढत पाणी पाठीवर घेतलं की खाजेला तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि तासाभरात ती दुपटीने येते. बादलीत झाकणभर अँटिसेप्टिक ओतायची सवय असेल तर ती सोडावी. घासणी, लूफा आणि प्युमिस दगड यांनाही टाचांपलीकडे प्रवेश नाही.

उटणं दिवाळीला चार दिवस लावलं तर बिघडत नाही, तेही दुधात किंवा तेलात कालवून, हलक्या हाताने. रोज डाळीच्या पिठाने अंग घासणं मात्र या कातडीला परवडत नाही. त्याऐवजी साधे, बिनचवीचे ओट्स मिक्सरमधून मैद्यासारखे दळावेत. चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात ढवळल्यावर पाणी दुधाळ झालं आणि तळाशी भरड बसली नाही, तर दळण जमलं. मूठभर पीठ अर्ध्या बादली कोमट पाण्यात मिसळून शेवटचे तांबे त्याचे घ्यावेत. अशा दळलेल्या ओट्सना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ साली त्वचासंरक्षक म्हणून मान्यता दिली आहे. फरशी मात्र लगेच धुवून टाकावी, बुळबुळीत होते.

तेलांत खोबरेल पहिलं. फिलिपिन्समध्ये २००४ साली कोरड्या कातडीवर शुद्ध खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली होती, दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. घाण्याचं, वास न घातलेलं खोबरेल आंघोळीनंतर ओल्या अंगावर दोन चमचे पुरतं. डोक्याला लावायची सुवासिक तेलं अंगाला नकोत. ऑलिव्ह तेलाचं नाव मोठं असलं तरी ते कातडीचा बांध आणखी सैल करतं. मोहरीचं तेल जळजळ करतं. कुंडीतली कोरफड वापरायची असेल तर पान कापून उभं ठेवावं आणि पिवळा चीक पूर्ण गळू द्यावा, कारण खाज त्या चिकानेच उठते. बाजारातल्या हिरव्यागार जेलमध्ये पुष्कळदा अल्कोहोल असतं, ते आणखी कोरडं करतं.

सुरुवातीच्या चार वस्तूंपैकी कॅलामाइन थंडावा देतं, पण वाळल्यावर उरते ती पूड, आणि ती ओल शोषते. घामोळ्यांना, किडा चावल्याला ठीक. कोरड्या खाजेला उलटं. मेंथॉलच्या पावडरींचंही तेच. थंडावाच हवा असेल तर मॉइश्चरायझर फ्रिजमध्ये ठेवावं, किंवा ओला गार पंचा खाजेच्या जागी पाच-दहा मिनिटं ठेवून लगेच क्रीम लावावं. नखं कापलेली असावीत, आणि खाजवण्याऐवजी तळव्याने दाबावं.

सेट्रिझिन गांधी उठणाऱ्या अ‍ॅलर्जीचं औषध आहे. कोरडेपणाच्या खाजेत हिस्टामिनचा, म्हणजे अ‍ॅलर्जीत खाज उठवणाऱ्या रसायनाचा, हात फारसा नसतो, म्हणून गोळी घेऊन झोप लागते आणि खाज तिथेच असते. जुन्या पिढीतल्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी तर तोंड सुकतं, लघवी अडखळते आणि सकाळी तोल जातो. मेनोपॉजमध्ये आधीच कोरडेपणा आणि विसराळूपणा असताना ही भर कशाला?

त्या छोट्या ट्यूबबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि एक जोरकस स्टेरॉइड अशी खिचडी असते. लेबल उलटून पाहा: क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं की ते स्टेरॉइड. पहिल्या दोन दिवसांत खाज जादूने थांबते, म्हणून ट्यूब मैत्रिणीला सुचवली जाते, आणि तिथून बिघाड सुरू होतो. इस्ट्रोजेनअभावी पातळ झालेली कातडी स्टेरॉइडने आणखी पातळ होते, दंडावर साध्या धक्क्याने काळेनिळे डाग पडतात, जांघेत आणि स्तनांखाली न जाणारे पट्टे उमटतात. नायट्यावर लावली तर लाली दबते पण बुरशी पसरत राहते. नायट्याची गोल कडा पुसली जाते आणि पुढे डॉक्टरलाही तो ओळखायला वेळ लागतो. २०१८ पासून अशी स्टेरॉइड मलमं आपल्याकडे अनुसूची एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. काउंटरवर काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्टेरॉइड वाईट औषध नाही. कुठलं, कुठे आणि किती दिवस, हे त्वचारोगतज्ज्ञाने ठरवायचं औषध आहे.

खाज एकाच जागी असेल तर मॉइश्चरायझरआधी त्या जागेला काय लागतं ते पाहावं. कंबरेभोवती काळपट, खरखरीत पट्टा असेल तर परकराचा नाडा: गाठ रोज त्याच जागी, खाली घाम, वर ताण. रुंद पट्ट्याचा किंवा इलॅस्टिकचा परकर घ्यावा आणि गाठेची जागा बदलावी. कपाळावर टिकलीचा गोंद, गळ्या-मनगटाला खोट्या दागिन्यांतलं निकेल. आणि कानामागे, मानेवर, केसांच्या कडेला असेल तर हेअर डाय. याच वयात तो सुरू होतो आणि त्यातल्या पीपीडी या रंगाच्या रसायनाची अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं काही न होता एकदम उमटू शकते. 'काळी मेहंदी' म्हणून मिळणाऱ्या पाकिटांतही बहुधा तेच पीपीडी असतं.

खालच्या जागेची खाज हा वेगळाच विषय, आणि फळीवरचा सगळ्यात चुकीचा खप इथला. योनीतलं अस्तर पातळ होतं, आम्लता कमी होऊन सामू पाचाच्या वर जातो, लघवीला जळजळ होते, संबंधाच्या वेळी दुखतं. बाई सांगते 'खाज', दुकानदार देतो क्लोट्रिमॅझोल, बुरशीचं मलम. पण पाळी गेल्यानंतर, मधुमेह किंवा हार्मोनचं औषध नसेल तर, यीस्टचा (बुरशीचा) संसर्ग एकंदरीत कमी होतो. मलमाने आठवड्यात उतार पडला नाही तर दुसरी ट्यूब न आणता तपासून घ्यावं. इंटिमेट वॉशच्या बाटल्यांची गरजच नाही. बाहेरून साधं पाणी पुरे, आत काहीच नको. सुगंधी पॅड आणि वाइप्स बंद.

उपयोगाचं काय? योनीसाठीचं मॉइश्चरायझर जेल आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असोत-नसोत, आणि त्या वेळेपुरतं पाण्यावर आधारलेलं ल्युब्रिकंट. कंडोम वापरत असाल तर तेल आणि व्हॅसलीन वर्ज्य, लेटेक्स फाटतं. याने भागलं नाही तर स्थानिक इस्ट्रोजेनची क्रीम. त्यातल्या एस्ट्रिऑल क्रीमचा नेहमीचा क्रम म्हणजे पहिले दोन आठवडे रोज रात्री अर्धा ग्रॅम, मग आठवड्यातून दोनदा. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायची. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलून. रक्तात फार थोडी जाते. पुष्कळजणी पंधरा दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडतात. अस्तर पुन्हा जाड व्हायला दोन-तीन महिने लागतात. आणि बरं वाटलं म्हणून थांबवली की त्रास परत येतो, कारण अंगातून एकदम उठणाऱ्या गरम वाफांसारखा हा भाग आपोआप निवळत नाही.

एक गोष्ट आरशात पाहण्यासारखी. तिथली कातडी पांढरी, कागदासारखी चुरगळलेली दिसत असेल, रात्री असह्य खाज असेल, तर तो लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा आजार असू शकतो. कोड समजून लाजेने लपवला जातो. यात डॉक्टर तेच जोरकस क्लोबेटासोल देतात, पण मोजून, आणि वर्षातून एकदा तरी तपासणी ठेवतात, कारण थोड्याजणींत पुढे कर्करोगाची शक्यता असते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी क्रीम-बिम बाजूला, थेट स्त्रीरोगतज्ज्ञ.

वाफा आणि रात्रीचा घाम असेल तर खाज त्यानेही वाढते, अंगावर वाळलेला घाम चावतो. सुती सैल गाऊन, उशाशी ओला पंचा, आणि घाम आल्यावर साबणाशिवाय पाण्याचा हात. वाफा सरासरी सातेक वर्षं टिकतात, त्यामुळे 'सहा महिने सोसा' हा सल्ला फोल आहे. त्यांवर सगळ्यात खात्रीचा इलाज हार्मोन थेरपी. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनही लागतंच. नुसत्या खाजेसाठी ती सुरू करत नाहीत, पण वाफांसाठी चालू केली तर कातडीही काहीजणींची सुधारते. प्रिमरोझ तेलाच्या कॅप्सूल एक्झिमावर चालत नाहीत असं २०१३ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) दिसलं, आणि ब्रिटनने त्यांचा औषध म्हणून परवाना २००२ सालीच काढून घेतला. कोलॅजनच्या महागड्या पुड्यांचे पैसे पॅराफिनच्या डब्यात घालावेत.

तीन आठवडे वरच्या मापाने क्रीम लावून, साबण बदलूनही खाज हटली नाही तर रक्त तपासावं. लॅबची पंचाहत्तर तपासण्यांची पॅकेजं नकोत. सीबीसी, फेरिटिन, टीएसएच, एचबीएवनसी, यकृत आणि क्रिएटिनिन, एवढं पुरे: लोह कमी, थायरॉइड, साखर, कावीळ आणि किडनी हे सगळे पुरळ नसलेली खाज देतात. पंचेचाळिशीनंतर पाळी थांबत आली असताना एफएसएच ही हार्मोनची तपासणी करून नवं काही कळत नाही. आणि घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्या असतील, तर मेनोपॉज विसरा, ती खरूज आहे. तिथे ५ टक्के पर्मेथ्रिनचं मलम, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा. आठ ते बारा तासांनी आंघोळ, पांघरुणं आणि कपडे गरम पाण्यात, आणि आठवड्याने पुन्हा एकदा.